कुकडीच्या कांठानें दोघांचा प्रवास

गेल्या दिवाळीपूर्वी आमच्या घरीं घडलेली एक लहानशी गोष्ट प्रथम सांगितल्यावांचून या प्रवासाची हकीकत पुढें सरकावयाची नाहीं. आमचा धाकटा पुतण्या व त्याची पत्नी अमेरिकेहून पंधरा दिवसांच्या रजेवर आलीं होतीं. त्या वर्षाच्या उन्हाळ्यांत दोघांनींच मोटरनें युटा व ॲरिझोना या राज्यांतील वाळवंटी दऱ्यांचा प्रवास केलेला. झायन, ब्राइस, आर्चेस, कॅनियनलँड्स आणि शेवटीं कोलोराडो नदीची ती प्रचंड दरी, असा तो मार्ग होता. रात्रीं जेवणें उरकल्यावर घरांतील सोळा माणसें दिवाणखान्यांत जमलीं आणि भिंतीवरील मोठ्या पडद्यावर चित्रांमागून चित्रें सरकूं लागलीं. तांबड्या दगडाचे सुळके, तांबड्या भिंती आणि मग निळ्या आभाळाखालीं एकटीच उभी असलेली, सुमारें पन्नास फूट उंचीची एक दगडी कमान आली. तिचें नांव 'डेलिकेट आर्च'. मुलें टाळ्या पिटूं लागलीं.

इतक्यांत कोपऱ्यांतील आरामखुर्चींतून आमच्या मातोश्री म्हणाल्या, "असला पूल आमच्या बेल्ह्याला आहे की! कुणी बांधलेला नाहीं. दगडाचा, आपोआप झालेला. मी त्यावर पालथी पडून खालीं पाहिलेलें आहे."

मातोश्रींचें वय अठ्ठ्याऐंशीं. गेल्या दोन वर्षांपासून त्यांची स्मृति दगा देऊं लागली आहे. सकाळीं घेतलेलें औषध दुपारीं आठवत नाहीं आणि वारलेल्या बहिणीचें पत्र अजून कसें आलें नाहीं असें त्या विचारतात. डॉक्टरांनीं सांगितल्यापासून त्यांच्या प्रत्येक बोलण्यास "हो, हो" म्हणण्याची घरांत संवयच पडून गेली आहे. त्या रात्रीं कोणी "हो, हो" देखील म्हटलें नाहीं, सगळीं हंसलीं. पुतण्या म्हणाला, "आजी, बेल्ह्याला अमेरिका आणलीस होय?" सांगण्यास लाज वाटते, परंतु हंसणाऱ्यांत आम्हीही होतों. मातोश्री कांहीं बोलल्या नाहींत. दुसऱ्या दिवसापासून रात्रीं दिवाणखान्यांत येऊन बसण्याचें मात्र त्यांनीं सोडून दिलें.

न हंसलेलें माणूस घरांत एकच होतें, तें म्हणजे आमची सौ. पाहुणे परत गेले, तुळशीचें लग्न झालें, आणि एके दिवशीं तिनें आम्हांस स्वच्छ सांगितलें, "आपण दोघें बेल्ह्यास जाऊन तो पूल आहे कीं नाहीं हें बघून येऊं. असला तर त्यांना येऊन सांगूं."

"आणि नसला तर?"

"तर निदान कोणी जाऊन आलें, एवढें तरी त्यांना कळेल."

एकत्र कुटुंबांत राहणाऱ्या वाचकांस पुढील अडचण समजावून सांगण्याचें कारण नाहीं. आमच्या लग्नास चौतीस वर्षें झालीं. तेवढ्या काळांत आम्ही उभयतां कोठें एकटीं गेल्याचें स्मरत नाहीं. काशीस गेलों तेव्हां बरोबर अकरा माणसें होतीं. "दोघेंच?" हा काकूंचा प्रश्न तीन दिवस घरांत घुमत होता. शेवटीं मातोश्रींचें कारण पुढें केल्यावर परवानगी मिळाली, तीहि दोन डबे चिवडा, एक डबा लाडू आणि थर्मासभर चहा यांसह. गाडी चालविण्याचें काम सौ.कडे होतें. पन्नाशीनंतर शिकूनहि ती आमच्यापेक्षां चांगली चालविते, हें एकदां कबूल केलेलें बरें. आमच्याकडे नकाशा पाहण्याचें काम होतें.

पूल एकटा पाहून परत यावयाचें, एवढ्यानें आमचें समाधान होईना. बेल्हें जुन्नर तालुक्याच्या पूर्व टोंकास. तेव्हां कुकडी नदी उगमापासून धरावी आणि तिच्याबरोबर पूर्वेकडे उतरत जावें असें ठरविलें. मार्गशीर्षांतील एका रविवारीं पहांटे पुणें सोडलें. नारायणगांवापर्यंत रस्ता मोठा व वर्दळीचा आहे. तें गांव तमाशाची पंढरी म्हणून प्रसिद्ध असलें तरी जवळच खोडद येथें तीस प्रचंड तबकड्यांची रेडिओ दुर्बीण आहे, आणि तिची उभारणी प्राध्यापक गोविंद स्वरूप यांच्या पुढारपणाखालीं झाली. एकेक तबकडी पंचेचाळीस मीटर व्यासाची आहे. एका बाजूस ढोलकी व दुसऱ्या बाजूस आकाशगंगेचा कानोसा असा हा विलक्षण मुलूख! जुन्नरास न थांबतां चावंड किल्ल्याच्या बाजूनें पुढें निघालों. वाटेंत पूर या गांवीं कुकडेश्वराचें प्राचीन कोरीव देऊळ लागतें. कुकडीचा उगम या परिसरांतला. देवळाच्या आवारांत दहा मिनिटें बसलों. तेथें पाण्याचा जो बारीकसा आवाज होता, तोच पुढें निघोजच्या कातळांत काय करून ठेवतो याची तेव्हां कल्पना नव्हती.

घाटघर ओलांडून नाणेघाटाच्या माथ्यावर आलें, कीं जमीन एकाएकीं संपते. खालीं दोनअडीच हजार फूट कोंकण, डावीकडे जीवधन किल्ला व त्याचा वानरलिंगी सुळका. या धारेवर पडलेला पाऊस पश्चिमेकडे ओघळला तर लगेच अरबी समुद्रास मिळतो आणि चार हात पूर्वेकडे पडला तर कुकडी, घोड, भीमा, कृष्णा असा प्रवास करीत थेट बंगालच्या उपसागरास जातो. घाटांतील लेणें सातवाहनांचें, सुमारें दोन हजार वर्षांपूर्वींचें. राणी नागनिकेच्या त्या प्रसिद्ध ब्राह्मी लेखांत अश्वमेधादि यज्ञ व त्या प्रसंगीं दिलेल्या गाई, घोडे, कार्षापणें यांची मोजदाद आहे. म्हणूनच त्या लेखांतील अंकांस मोठें महत्त्व आले. कर्नल साइक्स यांनीं एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धांत हा लेख विद्वानांच्या नजरेस आणिला आणि पुढें पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं त्यांतील अंक उलगडले. समोरच्या भिंतीवर सिमुक सातवाहन, राणी व राजा सातकर्णी, राजकुमार अशा मूर्ति होत्या. आज वर नांवें आहेत, खालीं पावलांच्या खुणा आहेत आणि मधला देह नाहींसा झाला आहे. सौ. बराच वेळ तेथें उभी होती. "नांव आणि पाय तेवढे राहिले," एवढेंच ती म्हणाली. तिच्या मनांत घरीं बसलेल्या सासूबाई होत्या, हें आमच्या लक्षांत यावयास गाडींत बसेपर्यंतचा वेळ लागला.

घाटाच्या तोंडाशीं दगडाचा एक मोठा रांजण आहे. त्यांत व्यापारी जकातीचीं नाणीं टाकीत, असें सांगतात. हा रांजण मुद्दाम ध्यानांत ठेविला. कारण नदीनें स्वतः कोरलेले रांजण अजून पुढें पाहावयाचे होते.

रात्रीचा मुक्काम जुन्नरास केला व सोमवारीं सकाळीं आळेफाट्यावरून कल्याण–नगर रस्त्यास लागलों. आळें येथें, ज्ञानेश्वर महाराजांनीं ज्याच्या मुखानें वेद वदविले त्या रेड्याची समाधि आहे. तेथें नमस्कार केला. एव्हांना मुलखाचा रंग पार पालटला होता. पश्चिमेस नाणेघाटाकडे शंभर इंचांहून अधिक पाऊस पडतो. पन्नास-साठ किलोमीटर पूर्वेस येतां तो वीस इंचांच्या आगेमागे येतो. धरणांचें पाणी पोहोंचलें तेथें ऊंस, कांदा, द्राक्षें. जेथें पोहोंचलें नाहीं तेथें पिंवळें गवत, बाभळी व उघडा काळा कातळ. युटाच्या चित्रांतील वाळवंट तें हें नव्हे, परंतु अणे पठारावरील बायांस उन्हाळ्यांत पाण्यासाठीं जी वाट पाहावी लागते, ती वाळवंटांतल्यापेक्षां कमी नसावी.

बेल्ह्याचा बाजार सोमवारचा. बैलांचा बाजार म्हणून त्याची दूरवर ख्याति आहे. रंगविलेल्या शिंगांच्या जोड्या, कासरे, घुंगुरमाळा, उपरण्याखालीं हात झांकून बोटांनीं ठरणारे भाव, हें सारें सौ. इतक्या रस घेऊन पाहूं लागली कीं, एका व्यापाऱ्यानें "बाई, कुठली जोडी दावूं?" म्हणून विचारलें. आमच्या आजोळचा वाडा शोधिला. आजोबा येथें शाळामास्तर होते. वाड्याच्या जागीं आतां खतांचें व बियाण्यांचें दुकान आहे; मागील बाजूस जुन्या भिंतीचा हातभर तुकडा तेवढा शिल्लक आहे. त्याविषयीं अधिक लिहिण्यासारखें कांहीं नाहीं.

पुलाची चौकशी मात्र आम्हीं भीत भीतच केली. दोघांतिघां तरुणांनीं रस्त्यावरील नव्या पुलाकडे बोट दाखविलें. मोबाईलवरील नकाशा आम्हांस एका शेतांत नेऊन सोडून मोकळा झाला. सौ.चा चेहरा उतरूं लागला. शेवटीं तोच बैलांचा व्यापारी म्हणाला, "आपसुक झालेला, दगडाचा? मळगंगंचा पूल व्हय? त्यो गुळुंचवाडीला. अणे घाटाच्या अलीकडं. माझी म्हातारी जायाची तिथं."

बेल्ह्याहून नगरच्या रस्त्यानें गुळुंचवाडी कांहीं फार लांब नाहीं. मळगंगा देवीचें देऊळ आलें, गाडी उभी केली, चार पावलें गेलों आणि समोर तो पूल होता!

त्याचें वर्णन काय करावें? अमेरिकेंतील कमानीप्रमाणें तो आकाशांत उभा नाहीं. दुरून तर दिसतहि नाहीं. ओढ्याच्या दोन कांठांना जोडणारी काळ्या दगडाची एक आडवी, जाड तुळई, आणि तिच्याखालून ओढ्याची वाट. माणसाच्या हाताचा येथें कांहीं संबंध नाहीं. भूगर्भशास्त्रज्ञ पूल व कमान यांत भेद करितात: वाहत्या पाण्यानें जें कोरून काढिलें तो नैसर्गिक पूल, ऊन, थंडी, पाऊस व वारा यांनीं जी झिजविली ती कमान. आर्चेसच्या राष्ट्रीय उद्यानांत अशा दोन हजारांवर कमानी आहेत व त्या वाळूच्या दगडाच्या आहेत. आमचा दगड निराळा. सुमारें साडेसहा कोटि वर्षांपूर्वीं दख्खनवर लाव्हारसाचे थरांवर थर पसरले, त्यांचा हा कातळ. सर्व थर सारखे कठीण नसतात. खालचा ठिसूळ भाग पाणी पोखरून नेतें आणि वरचा टणक भाग अधांतरीं राहतो. अशाच रीतीनें पूल होतात, आणि अशाच रीतीनें एक दिवस कोसळतातहि. आर्चेसमधील 'लँडस्केप आर्च' ही तीनशें फुटांच्या घरांतील लांबीची कमान. 1991 सालीं तिची एक मोठी शिळा पर्यटकांच्या डोळ्यांदेखत खालीं आली. तेव्हांपासून तिच्याखालीं जाण्याची वाट बंद केली आहे. येथें कसली वाट बंद असणार! आम्ही पुलावर गेलों.

मग सौ.नें एक गोष्ट केली. तिनें चपला काढिल्या, पदर खोंचिला आणि अठ्ठावन्नाव्या वर्षीं ती त्या कातळावर पालथी पडून कडेवरून खालीं पाहूं लागली. "अहो, फोटो घ्या. त्यांनीं असेंच पाहिलें होतें ना?"

आम्हीं फोटो घेतला. हात जरासा हालला असावा. चित्र थोडें अस्पष्ट आलें आहे.

त्या रात्रीं आम्ही एका शेतकरी कुटुंबाकडे उतरलों. यजमानांचे वडील आमच्या आजोबांच्या हाताखालीं शिकलेले. बाजरीची भाकरी, पिठलें, कांदा व ठेंचा असें जेवण झालें. अंधार पडतांच मात्र मुलांना घरांत घेतलें. उंसांत बिबट्या राहतो, वितो, तेथेंच त्याचीं पिल्लें मोठीं होतात. या तालुक्यांत हें नित्याचें झालें आहे. माणिकडोह येथें बिबट्यांसाठीं निवारा केंद्र आहे, परंतु प्रत्येक शेताला तें कोठून पुरणार? यजमानीणबाई म्हणाल्या, "रात्रीची वीज आली कीं पाणी द्यायला जावंच लागतं. जाणारा परत येईस्तवर जीव थाऱ्यावर नसतो." शहरांत बसून वन्य प्राण्यांविषयीं गोड गोड वाचणारांनीं ही रात्र एकदां अनुभवावी. जवळच कुकडीकांठच्या बोरी गांवीं ज्वालामुखीच्या राखेचे थर सांपडले आहेत. सुमात्रा बेटावरील टोबा ज्वालामुखीचा चौऱ्याहत्तर हजार वर्षांपूर्वीं झालेला स्फोट हा त्यांचा उगम असें बरेच शास्त्रज्ञ मानतात. कित्येकांच्या मतें ती राख त्याहून पुष्कळच जुनी आहे, व तिच्या सान्निध्यांत सांपडलेल्या दगडी हत्यारांमुळें हा वाद महत्त्वाचा झाला. यजमानांस हें सर्व ठाऊक होतें. "लई साहेब लोक येऊन गेले, पिशव्या भरून नेली राख," ते म्हणाले.

मंगळवारीं अळकुटीवरून निघोजचा रस्ता धरिला. निघोज पारनेर तालुक्यांत, नगर जिल्ह्यांत, ज्याचें नांव आतां अहिल्यानगर झालें आहे; पलीकडच्या कांठावरील टाकळी हाजी पुणें जिल्ह्याच्या शिरूर तालुक्यांत. दोन्ही कांठांवर मळगंगेचीं देवळें आहेत व मधून कुकडी वाहते. या जागेस कुंड म्हणतात. पुलावरून खालीं पाहिलें तों आमच्या तोंडून शब्द उमटेना. उगमाशीं जी नदी कुजबुजत होती, तिनें येथें कातळ चिरून खोल अरुंद घळ केली आहे आणि घळीच्या दोन्ही बाजूंस शेंकडों रांजण कोरले आहेत. कांहीं वाटीएवढे, कांहींत हत्ती मावेल इतके. कांहींच्या भिंती फुटून एकांतून दुसऱ्यांत वाट झाली आहे. पुराच्या भोंवऱ्यांत सांपडलेला गोटा कातळाच्या खळग्यांत गरगर फिरत राहतो. जात्याप्रमाणें स्वतः झिजतो व खळगा खोल करितो. तो झिजला कीं पुढच्या पुरांत दुसरा येतो. म्हणून यांस रांजणखळगे म्हणतात, आणि याहून चांगला शब्द जगांतील कोणत्याहि भाषेंत असेलसें वाटत नाहीं.

आंध्रांतील गंडिकोट्यास 'भारताची ग्रँड कॅनियन' म्हणतात. निघोजलाहि तसें म्हणणारे आम्हांस भेटले. हें आम्हांस रुचत नाहीं. कोलोराडोची दरी साडेचारशें किलोमीटर लांब व मैलभर खोल. तिच्याशीं तुलना केली कीं कुकडी बिचारी उगीच लहान ठरते. परंतु एका बाबतींत त्या लोकांपासून शिकण्यासारखें आहे. त्यांनीं आपली दरी 1919 सालींच राष्ट्रीय उद्यान म्हणून राखून ठेविली. निघोजच्या खळग्यांत आम्हांस चिवड्याच्या पिशव्या, बाटल्या आणि नारळाच्या शेंड्या तरंगतांना दिसल्या. चिवडा आमच्याहि हातांत होता. पिशवी घडी करून खिशांत घातली.

आतां आमच्या पराक्रमाची हकीकत. एका खोल खळग्याच्या तळाशीं गोल गोटे दिसत होते. त्यांचें चित्र घेण्यासाठीं आम्ही कडेशीं गेलों. सौ. नको नको म्हणत होती. तेथील कातळ पाण्यानें इतका गुळगुळीत झालेला आहे, कीं कोरडा असतांहि पाय ठरत नाहीं, आणि कडेशीं तर शेवाळ होतें. पाय सुटला. सौ.नें दंड धरिला म्हणून आम्ही वर राहिलों. डाव्या पायांतील चप्पल मात्र खालीं गेली. हिरव्या पाण्यांत ती एकदां गोल फिरली व दिसेनाशी झाली. सौ. कांहीं बोलली नाहीं. तिनें दंड सोडला नाहीं, तो गाडीपर्यंत. रागावली असती तर बरें वाटलें असतें. या घळींत पाणी किती खोल आहे हें वरून समजत नाहीं, पोहणाराला बाहेर पडण्यास खांच सांपडत नाहीं, आणि वरच्या धरणांतून पाणी सोडलें कीं पातळी चढते. मुलें बरोबर नेणारांनीं त्यांचे हात सोडूं नयेत. पावसाळ्यांत तर पुलावरूनच पाहावें.

शिरूरवरून संध्याकाळीं पुण्यास आलों तेव्हां एका पायांत चप्पल नव्हती व सर्व घर दारांत उभें होतें. मातोश्री आपल्या खोलींत होत्या. सौ. हातपाय न धुतांच त्यांच्यापाशीं गेली, मोबाईलवरील चित्र काढून त्यांच्या डोळ्यांपुढें धरिलें. मातोश्रींनीं चष्मा पुसला. पुष्कळ वेळ पाहिलें.

"ही पालथी कोण पडली आहे?"

"मी, आई."

"वेडी कुठली. पडली असतीस म्हणजे?" मग पुन्हां चित्राकडे पाहून, "देऊळ असें नव्हतें. रंग नव्हता एवढा. पूल तोच. खालीं पाणी होतें का?"

"नव्हतें. डबकें होतें एक."

"मार्गशीर्षांत कुठलें पाणी! आम्ही श्रावणांत जात असूं. पाण्याचा आवाज पोटाला लागतो, दगडांतून." त्यांनीं आपला तळहात पोटावर ठेवला.

त्या रात्रीं त्या दिवाणखान्यांत येऊन बसल्या. पुतण्याला अमेरिकेस चित्र पाठविलें. त्याचा लगेच दूरध्वनि आला. तो आजीपाशीं काय बोलला हें आम्हांस ठाऊक नाहीं, कारण तिनें यंत्र कानाशीं घट्ट धरिलें होतें. दुसऱ्या दिवशीं सकाळीं मात्र त्यांनीं विचारलें, "बेल्ह्यास कोण जाऊन आलें म्हणालांत?" सौ.नें सर्व हकीकत पहिल्यापासून सांगितली. तिसऱ्या दिवशीं पुन्हां सांगितली. आतां ती तिला पाठ झाली आहे, आणि चपलेचा भाग दर वेळीं थोडा वाढत चालला आहे.

श्रावणांतला एक सोमवार धरून ठेविला आहे. गाडींत पुढील जागा मातोश्रींची. मागें काकू बसणार. आम्हांस बसनें यावें लागेल असें दिसतें.